सुखकर्ता दुःखहर्ता नक्की कोणत्या वृत्तात आहे? मात्रा जुळतच नाहीयेत

हौशी_यमक्या:

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणपतीसाठी यंदा एक नवीन आरती लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, वाढदिवसाच्या चारोळ्या करतो एवढंच काय ते क्वालिफिकेशन. म्हटलं लिहायचीच तर रीतसर लिहू, आधी जुन्या आरतीचा सांगाडा बघू आणि त्यात आपले शब्द बसवू. म्हणून सुखकर्ता दुःखहर्ता घेतली आणि शाळेत शिकवलं तसं लघु १ गुरु २ करत मोजत बसलो, आणि सगळा घोळच आहे हो. पहिल्या ओळीत २३ मात्रा, दुसरीत १९, तिसरी आणि चौथीत २०-२०. बरं अक्षरं मोजावीत तर १३, १३, १२, १२, म्हणजे तेही एकसारखं नाही. आणि शेवटची ओळ, संकटी पावावे निर्वाणी रक्षावे सुरवरवंदना, तिच्यात १९ अक्षरं आणि ३२ मात्रा!! बाकीच्या ओळींच्या दीडपट.

आता रामदासांना वृत्त येत नव्हतं असं तर कुणी म्हणू शकणार नाही, मनाचे श्लोक अख्खे भुजंगप्रयातात आहेत. मग आरतीतच असं का? आणि दुसरं म्हणजे यात अलंकार नेमके कोणते दाखवता येतील, कारण स्मरणिकेत 'आरतीचं काव्यसौंदर्य' असं एक पानही मलाच भरायचंय. आमच्या मजल्यावरचे एक काका म्हणाले मात्रा चुकल्या की आरती अशुद्ध होते, तेव्हापासून हात चालेना. जाणकारांनी प्लीज प्रकाश टाकावा.

टाळकुटे:

काकांना म्हणावं आरतीला उभं राहा आणि टाळ धरा हातात, मग बोलू :)

भाऊ तुम्ही कागदावर मोजताय, आरती मोजायची असते ठेक्यावर. साधा भजनी ठेका आठ मात्रांचा, आणि त्या आठात ओळीचा तुकडा बसवायचा, मग त्यात अक्षरं कमी असली तर शेवटचं ओढायचं आणि जास्त असली तर मधली पटपट म्हणून टाकायची. 'कृपा जयाची' मधला ची किती लांबतो बघा, प्रत्येक मंडळात वेगळा लांबतो. २३ आणि १९ मधला फरक म्हणता म्हणता कुठे जिरतो कळतही नाही. उलट 'दुःखहर्ता' मधला विसर्ग किती जण म्हणतात? सगळे दुखहर्ता म्हणतात, म्हणजे तुमच्या २३ मधली एक मात्रा तिथेच गळाली.

आता ती शेवटची लांब ओळ. ती एक ओळ नाहीच, म्हणताना तिचे तीन तुकडे होतात. संकटी पावावे, सहा अक्षरं. निर्वाणी रक्षावे, सहा अक्षरं. सुरवरवंदना, सात. पहिले दोन तुकडे एकाच झोकात एकामागे एक येतात, आवाज चढत जातो, ढोलकी घाई करते आणि सुरवरवंदना वर सगळे एकत्र येऊन थांबतात की लगेच जय देव जय देव. आणि हे फक्त इथेच नाही. विठ्ठलाच्या आरतीचं ध्रुपद, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर परत म्हणायचा भाग, घ्या: रखुमाईवल्लभा राईच्या वल्लभा पावे जिवलगा. मोजा अक्षरं. सात, सहा, सहा. बेरीज १९. सेम टू सेम, फक्त सातचा तुकडा शेवटी न येता आधी आलाय. नामदेवांची आरती आणि रामदासांची आरती, मधे तीनेकशे वर्षं, आणि एक ओळ लांब सोडून द्यायची युक्ती तीच. म्हणजे ही चूक नाही, म्हणणाऱ्यांच्या जिभेला आणि दमाला माहीत असलेली जागा आहे.

निवृत्त_मराठी:

टाळकुटे यांनी मुद्द्याला हात घातलाय. मी जरा व्याकरणाच्या बाजूने सांगतो, लांबेल, समजून घ्या, सवय जात नाही.

मराठी पद्याचे ढोबळमानाने तीन प्रकार. वृत्त, जाती आणि छंद, ही वाटणी कवी माधव जूलियनांनी 'छंदोरचना' या ग्रंथात पक्की करून दिली. वृत्तात कुठलं अक्षर लघु आणि कुठलं गुरु हे जागेनिशी ठरलेलं असतं. गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा, इथे लघु गुरु गुरु हे चारदा येतं, म्हणजे चार य गण, १२ अक्षरं, भुजंगप्रयात. अनुदिनि अनुतापें तापलो रामराया, ही मालिनी, १५ अक्षरं, आठव्यावर यती म्हणजे थांबा. जातीत मात्रांची बेरीज ठरलेली, जागा सैल, उदाहरण म्हणजे मोरोपंतांच्या आर्या. आणि छंदात फक्त अक्षरसंख्या, लघुगुरु बघायचंच नाही, प्रत्येक अक्षर जणू दीर्घच म्हणायचं. अभंग या तिसऱ्या घरातला. सुंदर तें ध्यान, उभें विटेवरी, कर कटावरी, ठेवोनियां, हे सहा सहा सहा चार, आणि यमक दुसऱ्या तिसऱ्या तुकड्याला, विटेवरी कटावरी.

ओवी आणखी मोकळी. तिच्यात अक्षरसंख्याही पक्की नसते, तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, बस. देवा तूंचि गणेशु, सकलार्थमतिप्रकाशु, म्हणे निवृत्तिदासु, अवधारिजो जी. ज्ञानेश्वरांनी असं मोकळं सोडूनही कुठे अडखळायला होत नाही.

आपली आरती या छंदाच्या आणि ओवीच्या नात्यातली आहे, वृत्ताच्या नाही. म्हणून हौशीराव, तुम्ही लघुगुरु लावून मोजलंत तिथे जुळणारच नव्हतं. अक्षरं लावून बघितलीत तर तीन कडव्यांत शेवटची ओळ सोडून १२ ते १५ च्या आतच सगळं आहे. यमक मात्र कडक. पहिल्या कडव्यात विघ्नाची, जयाची, शेंदुराची, मुक्ताफळांची, चारही ओळींना ची. तिसऱ्यात बंधना, नयना, सदना, वंदना, चारही ओळींना ना. अभंगात दोन तुकड्यांना यमक, ओवीत तीन, इथे चारही चरणांना. कानाला ही एवढी पक्की खूण मिळाली की मधलं अंतर थोडं कमीजास्त झालं तरी गर्दी चुकत नाही, पुढचा ची कुठे येणार ते सगळ्यांना माहीत असतं.

आणि ध्रुपद. जय देव जय देव जय मंगलमूर्ती, जय देव जय देव जय श्रीशंकरा, जय देव जय देव जय पांडुरंगा, जय देव जय देव जय श्रीगुरुदत्ता. साचा एकच, देव बदलला की शेवटचा शब्द बदलायचा. एक चाल आली की पाच आरत्या आल्या. ही सोय आहे, पण सोय हाच आरतीचा प्राण आहे हे विसरू नका, कारण ही कविता एकट्याने वाचायला नाहीच केलेली, पाठांतर नसलेल्यालासुद्धा ध्रुपदापुरतं सामील होता आलं पाहिजे.

अलंकारांचं संध्याकाळी लिहितो.

साधा_भक्त:

बाप्पाला मात्रा लागत नाहीत हो. भाव लागतो. तुम्ही लोक उद्या मोदकाच्या पाकळ्यांचं पण व्याकरण काढाल.

टाळकुटे:

@साधा_भक्त मोदकाच्या पाकळ्यांचं व्याकरण असतंच, आईला विचारा

ओवीबाई:

मला यात सगळ्यात भारी वाटते ती वेगळीच गोष्ट आणि ती कुणीच सांगत नाही, म्हणून लिहिते. सगळे यमक आणि अनुप्रास सांगून मोकळे होतात.

पहिल्या दोन ओळींचं वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते बघा. आपण म्हणताना 'वार्ता विघ्नाची' वर थांबतो आणि मग 'नुरवी' पासून नवीन ओळ धरतो, कारण चालीत तिथे श्वास आहे. पण वाक्य तिथे थांबत नाही. वार्ता विघ्नाची नुरवी, हा एक भाग, म्हणजे विघ्नाची बातमीसुद्धा उरू देत नाही. पुरवी प्रेम, हा दुसरा. आणि हे सगळं करतं कोण, तर कृपा जयाची. कर्ता सगळ्यात शेवटी! म्हणजे क्रियापदाने ओळ ओलांडली आहे आणि कर्त्याला दुसऱ्या ओळीच्या टोकापर्यंत थांबवून धरलंय. शाळेत याला अन्वय लावा म्हणायचे. नुरवी आणि पुरवी शेजारी शेजारी आणलेत, एक नकार एक होकार, दोन्ही तीन तीन अक्षरांचे, आणि त्यांच्या आधी कर्ता हर्ता वार्ता असे तीन र्ता ठोकून ठेवलेत. जोड्याच जोड्या आहेत, सुख दुःख, करणं हरणं, न उरवणं आणि पुरवणं. दोन ओळींत एवढं विणकाम आहे आणि आपण टाळ्यांच्या नादात ते उसवत पुढे जातो, आमच्याकडे तर निम्मे लोक नुरवी पुरवी हे गणपतीचं काहीतरी नाव असावं अशा थाटात म्हणतात.

आता पुढची गंमत. 'जयाची' म्हणजे ज्याची. मराठीत ज्याची म्हटलं की पुढे त्याची किंवा तो यायला लागतो, ज्याची कृपा अशी अशी, तो देव वगैरे. तर हा 'तो' अख्ख्या कडव्यात कुठेच येत नाही! उटी येते, माळ येते, कडवं संपतं, वाक्य लोंबकळतच राहतं. आणि मग ध्रुपद येतं, जय देव जय देव जय मंगलमूर्ती. माझ्या मते तो राहिलेला 'तो' हाच. गर्दीने एकमुखाने म्हणायचा. पहिल्या कडव्याने प्रश्न अर्धा ठेवला आणि उत्तर सगळ्यांकडून वदवून घेतलं.

मग दुसऱ्या कडव्यात एकदम 'तुज'. रत्नखचित फरा तुज गौरीकुमरा. पहिल्या कडव्यात देवाबद्दल बोलत होते, दुसऱ्यात देवाशी बोलायला लागले. आणि तिसऱ्यात स्वतः कवी आत येतो, दास रामाचा वाट पाहे सदना, आणि मगच मागणं, पावावे, रक्षावे. आधी तो, मग तू, मग मी. एवढीशी आरती पण ती देवाच्या दारापासून आतपर्यंत चालत जाते. हे मला विचाराल तर सगळ्या अलंकारांपेक्षा मोठं आहे.

निवृत्त_मराठी:

ओवीबाई, ज्याची आणि तो चा मुद्दा फार छान पकडलात, एवढी वर्षं शिकवून मी कधी असा मांडला नव्हता.

तर अलंकार. स्मरणिकेसाठी विचारलंय म्हणून शब्दालंकार आधी. अनुप्रास तर वर आलाच. तिसऱ्या कडव्यात आंतरयमक आहे, लंबोदर पीतांबर, सोंड तुंड. दुसऱ्यातही पहिल्या ओळीच्या पोटात फरा आणि कुमरा. रुणझुणती हा नादानुकारी शब्द.

अर्थालंकारात हात आखडता घ्या. बरीच मंडळी ओढूनताणून उपमा शोधतात, पण या आरतीत उपमा नाहीच! जैसा नाही, परी नाही, सम नाही, जणू नाही. रूपकही नाही. शेंदुराची उटी ही उटीच आहे, माळ ही माळच आहे, मुगुट हिऱ्यांचाच. समोर मूर्ती आहे आणि नजर तिच्यावरून फिरतेय. याला फार तर स्वभावोक्ती म्हणा, म्हणजे आहे तसं हुबेहूब वर्णन. 'सरळ सोंड वक्रतुंड' इथे मात्र विरोधाभासाचा झटका आहे, एका ओळीत सरळही म्हटलं आणि वक्रही.

तुलना करायची तर ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीच्या गणेशाशी करा. १२९० ची ज्ञानेश्वरी. तिथे अकार चरणयुगुल, उकार उदर विशाल, मकार महामंडल मस्तकाकारें. अख्खा गणपती शब्दांचा केलाय, अठरा पुराणं हे अंगावरचे दागिने, पदरचना हे रंगीत वस्त्र, आणि काव्यनाटकं म्हणजे कमरेच्या बारीक घंटा ज्या रुणझुणतात, आणि त्यांचा आवाज कोणता तर अर्थध्वनी. रुणझुणती हाच शब्द दोन्हीकडे आहे बघा. ज्ञानेश्वरांच्या गणपतीच्या अंगावर रुणझुणतो तो अर्थ, रामदासांच्या गणपतीच्या पायात खरीखुरी नूपुरं. एक सांगरूपक, म्हणजे अंगाअंगाने फुलवलेलं रूपक, एक सरळ वर्णन. यात उच्चनीच काही नाही. पहिलं बसून ऐकायचं आहे, दुसरं हातात निरांजन घेऊन उभ्या उभ्या म्हणायचं आहे, आणि उभ्या माणसाला रूपक उलगडत बसायला वेळ नसतो.

रामदासांना नादाचं काय भान होतं ते बघायचं असेल तर त्यांच्याच तीन आरत्या शेजारी ठेवा. गणपतीला रुणझुणती. शंकराला लवथवती विक्राळा ब्रह्मांडी माळा, वीषें कंठ काळा त्रिनेत्रीं ज्वाळा, आणि पुढे जळ निर्मळ वाहे झुळझुळां, सगळीकडे ळ चा पाझर. आणि मारुतीला सत्राणें उड्डाणें हुंकार वदनी, करि डळमळ भूमंडळ, कडाडिले ब्रह्मांड, ण आणि ड ची आदळआपट. पहिलीत माधुर्य, तिसरीत ओज. साचा तोच, पण अक्षरांचा पोत देवागणिक बदललाय.

हौशी_यमक्या:

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. एक शंका. तिसऱ्या कडव्यात यमक सगळीकडे ना, पहिल्यात सगळीकडे ची, पण दुसऱ्यात कुमरा, केशरा, बरा आणि शेवटी एकदम घागरिया? तिथे यमक का सुटलं? आणि 'शोभतो बरा' मधला बरा, हे तर चक्क भरतीचं, जागा भरायला घातलेलं वाटतं, मी केलं असतं तर तुम्ही झोडपलं असतं.

चावडीवरचा_गप्पू:

बरोब्बर पकडलंत. भरतीच ती. केशरा ला जुळवायला काहीतरी रा हवा होता, घेतला बरा. मोठ्या माणसांनी केलं की आर्षप्रयोग, आपण केलं की पाट्या टाकल्या. मला तर 'मुगुट शोभतो बरा' ऐकलं की मुगुट ठीकठाकच होता, चालवून घेतला असं वाटतं.

निवृत्त_मराठी:

गप्पूराव, जुन्या मराठीत बरा म्हणजे चांगला, उत्तम. आजचा 'बरा आहे' म्हणजे जेमतेम, तो अर्थ तिथे घालू नका. मनाच्या श्लोकांतही 'बरा निश्चयो शाश्वताचा करावा' असं आहे, तिथे त्याचं वजन मोठं आहे. पण यमकासाठी शब्द शेवटी आणला हे खरं, ते कोण नाकारेल, यमक करणारा प्रत्येक जण तेच करतो. आणलेला शब्द आपल्या पायावर उभा राहतो की नाही एवढंच बघायचं.

ओवीबाई:

घागरिया बद्दल माझं मत. यमक सुटलं म्हणण्यापेक्षा सैल झालं म्हणा, रा च्या जागी या आला, पण शेवटचा आ टिकलाय आणि त्याच्या आधी रि आहेच, म्हणजे र ची आठवण कानात राहते. म्हणताना कुणाला खटकतं का? मला तरी लहानपणापासून कधी खटकलं नाही. शिवाय तिथपर्यंत तीनदा रा येऊन गेलाय, चौथ्यांदा कान आपोआप भरून घेतो. मुद्दाम केलं असेल असा दावा मी करणार नाही. म्हणण्याच्या ओघात वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या रचना आहेत या, छापील संग्रहांतसुद्धा मुगुट मुकुट, कुमकुम कुंकुम असे फरक दिसतात. कुंकुम घेतलं की एक अक्षर कमी होतं, कुमकुम घेतलं की वाढतं, आणि चालीला दोन्ही चालतं.

हां, आणि हौशीदादा, नवीन आरती लिहिताय तर एक युक्ती चोरण्यासारखी आहे. गौरीकुमरा, फणिवरबंधना, त्रिनयना, सुरवरवंदना, ही सगळी संबोधनं. हाक मारताना मराठीत अ ने संपणाऱ्या पुल्लिंगी नामाचा शेवट आ होतो, म्हणजे देवाला हाक मारली की यमक फुकट. विठ्ठलाच्या आरतीतही पांडुरंगा, वल्लभा, जिवलगा तसंच. हाक शेवटी टाकायची, अर्थही पुढे जातो, यमकही बसतं, आणि गर्दीला ओढायला लांब आ मिळतो. एका दगडात तीन पक्षी. तिसऱ्या कडव्यात फक्त सदना हे संबोधन नाही, ते घरी या अर्थी आहे, पण तीन हाकांच्या मधे असं बसवलंय की वेगळं पडत नाही.

चावडीवरचा_गप्पू:

आणि म्हणूनच आजकालच्या सगळ्या नवीन आरत्या गजानना, गणराया, मोरया, देवा वर संपतात आणि मधे काही नसतं. युक्ती देताना इशारा पण द्या की बाई.

ओवीबाई:

@गप्पू हे मात्र पटलं. हाक शेवटी असली तरी तिच्या आधी ओळीत काहीतरी दिसायला हवं. फणिवरबंधना ही नुसती हाक नाही, त्यात पोटाला बांधलेला नाग दिसतो. त्रिनयना मध्ये तीन डोळे दिसतात. नुसतं देवा म्हटलं तर काय दिसतं?

हौशी_यमक्या:

धीर करून माझ्या दोन ओळी टाकतो, हसू नका.

दूर्वांची जुडी जास्वंदीची माळा
मोदकांचा नैवेद्य ठेविला आगळा

११ आणि १३ अक्षरं. यमक आहे. पण आता वर वाचून 'आगळा' भरतीचा वाटायला लागलाय मलाच.

टाळकुटे:

पहिली ओळ झकास. म्हणून बघितली, ठेक्यात पण बसते, माळा चा ळा ओढला की झालं. दुसरी नैवेद्यपाशी अडते. नैवेद्य ठेविला, तिथे जोडाक्षर मधेच आलंय आणि जीभ वळेपर्यंत टाळ पुढे जातो. दहा माणसं एकदम म्हणतील तेव्हा चार जण नैवेद म्हणतील, चार नैवेद्द आणि दोन गप्प बसतील. जोडाक्षरं असावीत पण ठोका पडतो तिथे असावीत, कर्ता हर्ता वार्ता बघा, प्रत्येक र्ता वर टाळ पडतो, म्हणून तिथे जोडाक्षर अडत नाही, उलट टाळाला जोर देतं.

निवृत्त_मराठी:

आगळा काढाच. ठेविला हेही काही सांगत नाही, नैवेद्य ठेवतातच. त्याऐवजी त्या ताटात काय दिसतंय ते लिहा. उदाहरणार्थ,

दूर्वांची जुडी जास्वंदीची माळा
मोदकांच्या ताटी उकडीचा सोहळा

१३ अक्षरं तशीच राहिली, नैवेद्य गेला, आणि ळा चं यमक टिकलं. फार ग्रेट ओळ आहे असं नाही, पण उकड म्हटल्यावर निदान वाफ तरी दिसते. पहिल्या ओळीतला ज चा अनुप्रास मात्र तुमचाच आहे, जुडी जास्वंदी, तो जपा.

चावडीवरचा_गप्पू:

उकडीचा सोहळा म्हणजे एखाद्या पीठवाल्या कंपनीची जाहिरात वाटते मास्तर 😄

निवृत्त_मराठी:

वाटू द्या. जाहिरातवाल्यांना तरी अनुप्रास कुणी शिकवला?

साधा_भक्त:

मी मगाशी तोंड घातलं होतं त्यात आणखी भर. सगळं वाचलं, काही गोष्टी आवडल्या पण. मला एवढंच सांगा, देवीच्या आरतीत 'वारी वारी जन्ममरणांते वारी' मध्ये वारी तीनदा का? तिथे शब्द कमी पडले होते का?

ओवीबाई:

अहो कमी कसले. दुर्गे दुर्घट भारी, तुजविण संसारी, विस्तारी, मग वारी वारी वारी, हारी, निवारी. चार ओळींत 'री' चा नुसता पाऊस आहे. तुजविण संसारी पर्यंत तक्रार चाललीये, विस्तारी पासून विनवणी सुरू होते, वारी आलं की ती वाढते, आणि घाबरलेला माणूस एकच शब्द परत परत म्हणतो, सोडव सोडव यातून सोडव. अर्थ तोच ठेवून नुसती पुनरावृत्ती, तिने घाई दिसते. आणि पुढच्याच ओळीची सुरुवात हारी ने, हारी पडलो आता. वारी संपलं तिथून हारी सुरू. ओळीचं टोक आणि पुढच्या ओळीचं तोंड एका आवाजाने बांधलंय. नंतर निवारी मध्ये पुन्हा तोच वारी लपलेला आहे तो वेगळाच.

साधा_भक्त:

निवारी मधला वारी कधी दिसलाच नव्हता. बरं. चालू द्या तुमचं.

हौशी_यमक्या:

थँक्यू सगळ्यांना. दुसरी ओळ उकडीची घेतो, गप्पूंचा विरोध नोंदवून. आता कडवी तीनच ठेवणार आहे, पहिल्यात बाप्पा 'तो', दुसऱ्यात 'तू', आणि तिसऱ्यात आमची सोसायटी, लिफ्ट बंद पडते ते गाऱ्हाणं घालावं असा कमिटीचा आग्रह आहे. शेवटची ओळ लांब सोडणार, सहा सहा सात. टाळकुटे दादा, रेकॉर्डिंग टाकलं तर ठेक्यात बसतं का बघाल का?

टाळकुटे:

टाका की. फक्त एकट्याने गाऊन टाकू नका, घरातल्या चार जणांना न शिकवता कागद देऊन म्हणायला लावा आणि ते रेकॉर्ड करा. अडतील तिथे ओळ बदलायची. आणि लिफ्ट हा शब्द ठोक्यावर आणा, त्यात फ्ट आहे.